पाखराच्या पायातील कडे : पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली

पावसाळा सरून आकाश निवळले आणि पहाटेच्या वाऱ्यात गारवा आला, की आपल्या माळव्यातील तळी गजबजू लागतात. इंदूरजवळच्या यशवंतसागरावर आणि सिरपूरच्या तलावावर रानबदकांचे थवे उतरतात, चिखलाच्या कडेने लांब चोचीचे पाणपक्षी धावू लागतात आणि मोकळ्या मैदानात शेपटी हलवीत धोबी पक्षी हिंडताना दिसतात. फाल्गुन सरता सरता हे पाहुणे पुन्हा दिसेनासे होतात. ते येतात कोठून आणि जातात कोठे? यंदा आलेले पक्षी गतवर्षीचेच की दुसरे? हे प्रश्न माणसाच्या मनात शतकानुशतके होते. आपल्या प्राचीन कवींनी हंसांना मानससरोवराची वाट दाखविली खरी. परंतु अमुक एका पाखराने अमुक इतका प्रवास केला, असे पुराव्यानिशी सांगणे कोणालाही शक्य नव्हते. ते शक्य झाले पाखराच्या पायात घातलेल्या एका हलक्या कड्यामुळे.

ही विद्या ज्यांनी आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर रुजविली आणि भारतातील पक्ष्यांची पारख, गणती व राखण करण्यात ज्यांनी सारा जन्म वेचला, त्या डॉ. सलीम अली यांचे चरित्र विद्यार्थिमित्रांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे. हे चरित्र एका छऱ्याच्या बंदुकीने सुरू होते आणि पाखराला कडे घालून अलगद मोकळे सोडणाऱ्या हातापर्यंत येऊन पोहोचते. या दोन टोकांमधील वाटचाल हाच त्यांच्या जीवनाचा अर्थ होय.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. अनेक भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होतात न होतात तोच पितृछत्र हरपले आणि तिसऱ्या वर्षी आईही निवर्तली. या पोरक्या मुलांना खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांनी पोटच्या पोरांप्रमाणे वाढविले. त्यांचे दुसरे एक आप्त अब्बास तय्यबजी हे बडोदे संस्थानचे मुख्य न्यायाधीश होते आणि पुढे स्वातंत्र्यलढ्यात अग्रभागी राहिले. अशा सुसंस्कृत घराण्यात हा मुलगा वाढत होता. मामांना शिकारीचा मोठा षौक होता. त्यांनी भाच्याला छऱ्याची एक लहान बंदूक आणून दिली आणि घराच्या आसपासच्या चिमण्या टिपणे हा त्या बालकाचा आवडता खेळ होऊन बसला.

दहा-बारा वर्षांच्या त्या मुलाने एके दिवशी टिपलेली चिमणी काही निराळीच निघाली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी खाण्यास धर्माने योग्य आहे की नाही, अशी शंका येऊन त्याने ती चिमणी मामांना दाखविली. मामांनाही तिचे नाव सांगता येईना. त्यांनी मुलाला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. ही संस्था १८८३ साली मुंबईतील आठ गृहस्थांनी स्थापन केली होती आणि त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय होते. मिलार्डसाहेबांनी चिमणी हातात घेताच तिची जात सांगितली. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. इतकेच करून ते थांबले नाहीत. त्यांनी कपाटाचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखविले, वाचावयास पुस्तके दिली आणि पक्ष्याचे कातडे सोलून जतन कसे करावे हे शिकण्याची सोय करून दिली. एका साध्या प्रश्नाला ज्ञानी माणसाने आस्थेने उत्तर दिले, आणि त्या उत्तराने एका बालकाच्या आयुष्याची दिशा ठरून गेली.

शाळेत मात्र सलीम अलींची प्रगती यथातथाच होती. तेराव्या वर्षी डोकेदुखीच्या विकाराने त्यांचा अभ्यास खंडित झाला व हवापालटासाठी त्यांना सिंधमध्ये एका आप्ताकडे पाठविण्यात आले. १९१३ साली ते मुंबई विश्वविद्यालयाची मॅट्रिक परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात पहिले वर्षही त्यांना जड गेले आणि कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे गेले. तेथे त्यांच्या घरच्यांचा टंगस्टनच्या खाणीचा व इमारती लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायात त्यांचे मन रमले नाही; तेथील अरण्यांत आणि पाखरांत मात्र ते पुरेपूर रमले. १९१७ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर यांच्या व्यापारी महाविद्यालयात हिशेब व कायदा यांचा अभ्यास केला आणि त्याचबरोबर सेंट झेवियरमध्ये फादर ब्लाटर यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचेही धडे घेतले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवऱ्याचे चित्त कशात आहे हे या चतुर गृहिणीने लवकरच ओळखले, आणि त्या वेडाला विरोध न करता त्यात त्या स्वतःही सहभागी झाल्या.

पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात नव्याने उघडलेल्या निसर्गविभागात लोकांना प्रदर्शनाची माहिती सांगणारे व्याख्याते म्हणून दरमहा ३५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. काम मनाजोगते होते. पण आपले ज्ञान अद्याप हौशी माणसाचे आहे, शास्त्रज्ञाचे नाही, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिन विश्वविद्यालयाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान या विख्यात पक्षिशास्त्रज्ञाचे शिष्य झाले. पक्ष्याची जात कशी निश्चित करावी, नोंद किती काटेकोर असावी, पुराव्यावाचून विधान कसे करू नये, हे त्यांनी तेथे आत्मसात केले. पुढे जन्मभर ते श्ट्रेझेमान यांना गुरुस्थानी मानीत.

याच मुक्कामात उत्तर समुद्रातील हेल्गोलँड या चिमुकल्या बेटावर जाऊन त्यांनी पक्ष्यांना कडी घालण्याचे शिक्षण घेतले. ही कल्पना एका शाळामास्तराची, हे आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डेन्मार्कमधील व्हीबोर्ग गावचे शिक्षक मोर्टेन्सेन यांनी १८९० साली मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत जस्ताची कडी घालून पाहिली; पण ती पाखरांना जड झाली. त्यांनी धीर सोडला नाही. १८९९ साली त्यांनी ॲल्युमिनियमची हलकी कडी तयार केली, त्यांवर अंक व पत्ता कोरला आणि १६५ पक्ष्यांना ती घालून सोडून दिले. कडे घातलेला पक्षी दूर कोठे सापडला आणि ज्याला सापडला त्याने कड्यावरील पत्त्यावर कळविले, की त्या पाखराच्या प्रवासाची दोन टोके हाती येतात. युक्ती इतकी सोपी होती, आणि तिने जुन्या तर्कवितर्कांना कायमची रजा दिली. हेल्गोलँड हे बेट पक्ष्यांच्या वाटेवरच वसलेले. भर समुद्रावरून दमून आलेली लक्षावधी पाखरे तेथे विसावतात. या बेटावर त्यांना पकडून, कडे घालून सोडण्याचे काम नित्य चाले. आपल्याकडेही १९२० नंतरच्या दशकात धारच्या पवार महाराजांनी नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्याने रानबदकांना कडी घातली होती. भारतातील या विद्येचा आरंभ अशा रीतीने आपल्या माळव्यातच झाला. मात्र तो प्रयत्न लहान होता. त्याला देशव्यापी रूप यावयास अजून तीस वर्षे जावयाची होती.

१९३० साली सलीम अली मायदेशी परतले, तो पैशाअभावी त्यांची नोकरीच रद्द झालेली. युरोपात जाऊन विद्या आणली आणि घरी आल्यावर पोटाची चिंता पुढे उभी राहिली. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पतिपत्नींनी अलिबागजवळ समुद्रकाठी किहीम या गावी बिऱ्हाड केले. दैवाने दिलेला हा फटका त्यांनी कसा परतविला पाहा. पावसाळ्यात किहीमच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांनी घरटी विणावयास घेतली, आणि हा बेकार गृहस्थ दिवसच्या दिवस त्यांच्याकडे डोळे लावून बसू लागला. नर घरटे अर्धे विणतो. मादी येऊन त्याची बारकाईने पाहणी करते. पसंत पडले तर ती तेथे संसार मांडते आणि नर घरटे पुरे करतो. मग तोच नर जवळच दुसरे घरटे सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. ही सारी रीत त्यांनी प्रथमच उलगडून दाखविली. त्यांच्या या निबंधाने जाणत्या जगात त्यांचे नाव झाले. सुगरणीचे खोपे आपण सर्वांनीच पाहिलेले असतात. तथापि पाहणे आणि निरखणे यांत किती अंतर आहे, ते या एका उदाहरणावरून समजावे.

नोकरी मिळेना, तेव्हा सलीम अलींनी एक निराळाच मार्ग शोधला. त्या काळी अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेलीच नव्हती. आपण वेतन घेणार नाही. मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च तेवढा मिळावा, म्हणजे तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करून देतो, असे त्यांनी संस्थानांच्या सरकारांना कळविले. हैदराबाद संस्थानची पाहणी १९३१ साली सुरू झाली. त्यानंतर त्रावणकोर व कोचीन, आणि पुढे ग्वाल्हेर, इंदूर व भोपाळ या संस्थानांच्या पाहण्या झाल्या. आपल्या मुलखातील पक्ष्यांची पहिली व्यवस्थित यादी जगापुढे आली ती याच श्रमांतून. मध्य भारतातील पक्ष्यांविषयीची त्यांची लेखमाला १९३९-४० साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पहाटे निघावे, डोंगर, माळ व नदीकाठ तुडवावे, दुपारी तंबूत बसून नमुने तयार करावे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात दिवसभराची नोंद लिहावी, हा त्यांचा नेम असे. तेहमिनाबाई बहुतेक दौऱ्यांत बरोबर असत. मुक्कामाची व्यवस्था तर त्या पाहतच, शिवाय पतीच्या इंग्रजी लेखनावरूनही नजर फिरवीत.

या काळात पाहणीसाठी पक्षी मारावे लागत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. एकाच जातीच्या दोन प्रदेशांतील पक्ष्यांत सूक्ष्म भेद असतात आणि ते हाती नमुना असल्यावाचून ठरविता येत नसत. मात्र सलीम अलींचा ओढा पेटीतील मेलेल्या पक्ष्याकडे नव्हता, तर झाडावरच्या जिवंत पक्ष्याकडे होता. तो काय खातो, कोठे राहतो, केव्हा घरटे करतो, हे त्यांना पंखाच्या लांबीपेक्षा महत्त्वाचे वाटे. नमुन्यांची शास्त्रीय छाननी करण्याच्या कामी ह्यू व्हिस्लर या इंग्रज पक्षितज्ज्ञाचे साह्य त्यांना लाभले. हेच व्हिस्लर प्रथम त्यांच्यावर रुष्ट झाले होते, कारण या अपरिचित हिंदी तरुणाने त्यांच्या एका विधानातील चूक दाखविली होती. पुढे व्हिस्लर यांनी आपले नमुने पुन्हा तपासले, चूक मान्य केली, आणि दोघांचा स्नेह जडला. या प्रसंगाचे श्रेय जितके चूक दाखविणाऱ्याला, तितकेच ती कबूल करणाऱ्यालाही आहे.

१९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाईंचे अकस्मात निधन झाले. हा घाव सलीम अलींच्या जिव्हारी लागला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. मुंबईस वांद्रे येथे बहिणीच्या घरी ते राहू लागले आणि उरलेले आयुष्य त्यांनी सर्वस्वी पक्ष्यांना वाहिले. दोनच वर्षांनी, १९४१ साली, त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रंगीत चित्रे, सोपे वर्णन आणि रानात हिंडणाऱ्याला उपयोगी पडेल अशी मांडणी यांमुळे ते सामान्य वाचकांच्या हाती गेले आणि त्याच्या आवृत्तींमागून आवृत्ती निघाल्या. पंडित जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगात असताना आपल्या कन्येला हे पुस्तक भेट दिले होते. पिवळ्या गळ्याच्या चिमणीचे नाव विचारीत एका मुलाला शहरभर फिरावे लागले होते. त्याच मुलाने मोठेपणी असे पुस्तक लिहिले, की कोणाही बालकाला ते नाव घरबसल्या सापडावे.

१९४५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या मोठ्या रणात त्यांनी रोहित पक्ष्यांची प्रचंड वसाहत पाहिली. क्षितिजापर्यंत पसरलेले खारट पाणी आणि चिखल, डोक्यावर तळपते ऊन, वाहन म्हणून उंट, आणि समोर चिखलाच्या बुटक्या बुरुजांसारख्या घरट्यांचे एक अफाट नगर! त्या दृश्याने भारावून न जाता त्यांनी घरट्यांची मोजदाद केली. घरटी लाखाच्या वर भरली आणि पिलांसह पक्ष्यांची संख्या पाच लाखांच्या घरात असावी, असा त्यांनी अंदाज बांधला. पुढे १९५४-५५ साली गुजरातच्या पक्ष्यांविषयीची त्यांची लेखमालाही प्रसिद्ध झाली.

देश स्वतंत्र झाल्यावर नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अनेक इंग्रज आधारस्तंभ मायदेशी गेले आणि संस्था पैशाच्या विवंचनेत सापडली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत आपले म्हणणे पोहोचवून तिच्यासाठी साहाय्य मिळविले. या सोसायटीच्या द्वाराच त्यांच्या आयुष्यातील एक अत्यंत मोठे कार्य सुरू झाले, आणि त्याला निमित्त झाली एक रोगाची साथ.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना विलक्षण ताप येऊ लागला. हाच तो माकडताप. पुढे तो गोव्यात आणि सिंधुदुर्गातही पोहोचला. त्याचे विषाणू गोचिडीमार्फत पसरतात आणि रशिया-सायबेरियातील एका रोगाच्या विषाणूंशी त्यांचे साम्य आढळले. तेव्हा साहजिकच शंका आली, की दरवर्षी उत्तरेकडून येणारे पक्षीच आपल्या अंगावरील गोचिडींबरोबर हा रोग आणीत नसतील ना? याचा उलगडा करावयाचा तर कोणता पक्षी कोठून येतो हे निश्चित कळावयास हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने १९५९ साली पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. स्वित्झर्लंडहून शिफर्ली हे तज्ज्ञ कार्यकर्त्यांना शिकविण्यास आले, आणि हेल्गोलँड बेटावर तीस वर्षांपूर्वी शिकलेली विद्या सलीम अलींच्या कामी आली.

हे काम चालते कसे, ते थोडक्यात सांगतो. बांबूच्या दोन काठ्यांमध्ये अत्यंत बारीक धाग्याचे जाळे ताणतात. पहाटेच्या अंधुक प्रकाशात पाखराला ते दिसत नाही. ते जाळ्यावर येऊन आदळते आणि खालच्या झोळात अडकते. मग कार्यकर्ता धागे हलकेच सोडवून पाखराला हातात घेतो. मान दोन बोटांच्या मध्ये आणि पंख तळव्यात अशा बेताने धरले, की त्याला इजा होत नाही. जात ओळखून पायाच्या जाडीप्रमाणे कडे निवडावयाचे. ते सैल राहिले तर अडकेल आणि घट्ट बसले तर पाय दुखावेल. प्रत्येक कड्यावर निराळा क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवावे अशी सूचना कोरलेली असते. त्यानंतर पंखाची लांबी, वजन व पिसांची अवस्था यांची नोंद, अंगावर गोचीड आहे काय याची तपासणी, आणि शेवटी मूठ उघडावयाची. पाखरू क्षणभर थबकते आणि भुर्रकन उडून जाते. ते पुन्हा कोणाला सापडेल याची शाश्वती नसते. शेकडो पक्ष्यांना कडी घालावी, तेव्हा त्यांतील एखाद्याची वार्ता येते. म्हणून हे काम करणाऱ्याच्या अंगी अपार धीर असावा लागतो.

कच्छ आणि भरतपूर येथे, तसेच तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोडिक्करई म्हणजे पॉइंट कॅलिमियर येथे अशी शिबिरे भरली. कोडिक्करई येथे एका बाजूस कोरडी झुडपी राने आणि दुसऱ्या बाजूस भरतीओहोटीने उघडी-झाकली होणारी चिखलाची विस्तीर्ण पुळणी आहे. हिवाळ्यात तेथे उत्तरेकडील किनारपक्ष्यांची दाटी होते. साठी उलटल्यावरही सलीम अली या शिबिरांत तरुणांच्या आधी उठत आणि नोंदवहीतील एकही रकाना रिकामा राहू देत नसत. १९७३ पर्यंत चाललेल्या या प्रकल्पात लाखाहून अधिक पक्ष्यांना कडी घातली गेली. मध्य आशिया व सायबेरिया येथून कड्यांचे क्रमांक मुंबईस कळविले जाऊ लागले, आणि आपल्या तळ्यांवर हिवाळा घालविणारी बदके उन्हाळ्यात कोठे राहतात हे निश्चयाने सांगता येऊ लागले.

या कार्यात एक कसोटीचा प्रसंगही आला. अभ्यासाला काही काळ अमेरिकी लष्कराशी संबंध असलेल्या संशोधनयोजनेचा पैसा मिळाला होता. त्यावरून, पक्ष्यांच्या मिषाने रोगजंतूंच्या युद्धाची तयारी चालली आहे की काय, असा आरोप वृत्तपत्रांत व संसदेत झाला. सलीम अलींनी तो ठामपणे नाकारला. आणि मूळ शंकेचे काय झाले? तो विषाणू परदेशी पाखरांनी आणला, असा पुरावा मिळाला नाही. तो आपल्याच जंगलातला, स्वतंत्र जातीचा ठरला. ज्या शंकेपायी काम सुरू झाले ती निराधार ठरली, तरीही काम वाया गेले नाही. पाखरांवरील आळ दूर झाला आणि त्यांच्या वाटाही कळल्या.

वाटा कळल्या म्हणजे त्या राखण्याचे दायित्वही येते. भरतपूरचे घना हे सरोवर संस्थानी काळी शिकारीचे ठिकाण होते. स्वातंत्र्यानंतर तेथील पाणी काढून जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंना विनवून ते सरोवर वाचविले. मात्र याच ठिकाणी पुढे एक गोष्ट त्यांच्या समजुतीच्या उलट घडली. गुरे चारण्यास बंदी केली तर पक्ष्यांचे भले होईल, असे त्यांचे व इतर तज्ज्ञांचे मत होते. १९८२ साली बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे नेणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात काहीजण प्राणास मुकले. त्यानंतर सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे केलेल्या पाहणीत दिसून आले, की म्हशी नसल्यामुळे गवत माजून पाणपक्ष्यांची जागाच आटत चालली आहे. गुरूच्या मताविरुद्ध जाणारी ही नोंद त्यांच्या संस्थेने प्रसिद्ध केली. नोंद मतापेक्षा मोठी, हा त्यांचाच धडा होता. त्याची किंमत मात्र गावकऱ्यांनी मोजली, हे विसरता कामा नये.

माळरानावरील पक्ष्यांविषयी त्यांना विशेष चिंता वाटे. अरण्य तुटले तर डोळ्यांना दिसते. माळ नांगरला गेला तर कोणाला त्याचे काही वाटत नाही. भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडण्याचा विचार चालला होता तेव्हा त्यांनी माळढोकाचा पुरस्कार केला, कारण त्या बहुमानामुळे नाहीशा होत चाललेल्या पक्ष्याकडे लोकांचे लक्ष वळेल अशी त्यांना आशा होती. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. आज माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी उरला आहे. आपल्या माळव्यात पावसाळ्यात गवताळ माळांवर येऊन उंच उड्या मारणारा तणमोर, ज्याला येथे खरमोर म्हणतात, तोही असाच दुर्मिळ. सलीम अलींसारख्या जाणत्यांच्या आग्रहाने १९८३ साली रतलाम जिल्ह्यात सैलाना व धार जिल्ह्यात सरदारपूर येथे त्याच्यासाठी अभयारण्ये झाली. १९८६ साली आंध्रातील कडप्पा जिल्ह्याच्या झुडपी रानात, सुमारे ८५ वर्षे कोणाला न दिसलेला जेर्डनचा धाविक पक्षी सोसायटीच्या शोधकांना पुन्हा सापडला, तेव्हा या वृद्ध शास्त्रज्ञाच्या समाधानाला पारावार राहिला नसेल.

अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत व पाकिस्तान येथील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. त्याचा शेवटचा खंड निघाला तेव्हा सलीम अली ७७ वर्षांचे होते. ज्यांना कॉलेजचे पहिले वर्ष जड गेले होते, त्यांना अनेक विश्वविद्यालयांनी सन्मानाने पदव्या दिल्या. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व असे मान त्यांना लाभले. वन्यजीवरक्षणासाठी मिळालेल्या गेटी पारितोषिकाच्या पन्नास हजार डॉलरांतून त्यांनी सोसायटीत निसर्गरक्षणाचा निधी उभारला.

हा किडकिडीत बांध्याचा माणूस स्वभावाने मोठा मिस्किल होता. मोटारसायकलींचे त्यांना भारी वेड. १९५० साली स्वीडनमधील पक्षिशास्त्र परिषदेला जाताना त्यांनी आपली मोटारसायकल जहाजातून बरोबर नेली आणि परिषदेच्या दारात तिच्यावर बसून ते हजर झाले. ते हिंदुस्थानातून थेट तिच्यावरूनच आले, अशी वदंता तेथे पसरली! बेशिस्त व गाफीलपणा यांची मात्र त्यांना चीड होती. चुकीची नोंद करणाऱ्याची ते गय करीत नसत. २० जून १९८७ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावरच्या खारफुटीत त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे आणि कोइंबतूर येथील पक्षिशास्त्राची राष्ट्रीय संस्था १९९० पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

विद्यार्थिमित्रांनो, सलीम अलींना कुशाग्र बुद्धीची देणगी जन्मतःच मिळाली होती असे त्यांच्या शाळेतील गुणांवरून कोणी म्हटले नसते. त्यांच्यापाशी होते ते एका प्रश्नामागे चिकाटीने जाणारे मन आणि जे दिसले तेवढेच लिहिणारी लेखणी. बालपणी त्यांच्या हाती आलेली चिमणी मेलेली होती. उत्तरायुष्यात त्यांच्या हाती आलेली लक्षावधी पाखरे जिवंत परत गेली. ज्ञान मिळविण्यासाठी प्रथम मारावे लागते आणि मग हळूहळू न मारता जाणण्याची युक्ती साधते, ही विज्ञानाची एक मोठी प्रगतीच म्हटली पाहिजे. आपल्यापैकी कोणाला तळ्याकाठी अथवा माळावर मेलेले वा जायबंदी पाखरू आढळले, तर त्याच्या पायाकडे अवश्य पाहावे. कडे असेल तर त्यावरील अक्षरे, अंक, स्थळ व दिनांक नीट टिपून मुंबईच्या सोसायटीस कळवावे. मग कोणत्या तरी शिबिरात कोणी तरी पहाटे लिहून ठेवलेल्या एका ओळीला तिची उरलेली अर्धी ओळ मिळेल.